म्हातारपणाच्या पेटीतलं बी

एका बीवरून भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वाळूजच्या मोठमोठ्या कारखान्यांमध्ये अंग चोरून उभ्या असलेल्या आमच्या छोट्या बियाणं कंपनीत तो उगवण तपासायच्या खोलीत बसायचा. मालकापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्याला मामा म्हणत. कुणाचा तो खरोखर मामा होता का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा मामांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्यासमोर गव्हाची मूठ ओतली आणि म्हणाले, "शंभर मोज."

मी मोजले. त्यांनी पुन्हा मोजले. नव्याण्णव होते.

"नव्व्याण्णवाला शंभर म्हन्ते ती बाई इथं काय कामाची नाय," ते म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर ठेवून म्हणाले, "खा. आज बरूबर मोजलंस."

काम तसं सोपं होतं. ओल्या कागदावर बिया ओळीनं मांडायच्या, कागद गुंडाळायचा, उबदार कपाटात उभा ठेवायचा. आठवड्यानं उघडून किती उगवल्या ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. मामा मोजताना ओठ हलवत, पण आवाज नसे. मध्येच कुणी बोललं तर ते पहिल्यापासून मोजायला घेत. साहेब आले तरी. मुद्दाम बोलून त्यांना चौथ्यांदा मोजायला लावण्याचा खेळ आम्ही दोघी-तिघी नव्या पोरींनी एकदा केला होता. चारही वेळा त्यांनी शांतपणे मोजलं आणि आमची पाच वाजताची बस चुकवली. त्यानंतर कुणी तो खेळ केला नाही.

एका उन्हाळ्यात सोयाबीनचा एक मोठा लॉट त्यांनी अडवला. पिशवीवर लेबल लागायला शंभरात सत्तर उगवायला हवेत. मामांचं उत्तर आलं एकोणसत्तर. साहेब स्वतः खोलीत आले, स्टुलावर बसले, चहा मागवला.

"मामा, एका बीचा प्रश्न आहे हो."

"व्हय. एकाच बीचा हाय."

"मग लिहा ना सत्तर."

"साहेब, हे एक बी जितं करून दाखवा. लिव्हतो."

साहेबांनी दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतलं आणि तो लॉट गेला. मामांनी रजिस्टरातला आपला आकडा खोडू दिला नाही. त्याची किंमत म्हणून दोन वर्षं त्यांना गोदामात पोती रचायला बसवलं. तिथून परत आले तेव्हा जसे गेले होते तसेच आले. पहिल्याच दिवशी माझी गुंडाळी उघडून म्हणाले, "किती लिव्हलंस? अठ्ठ्यायशी? हे शेवटलं कोंब वाकडं हाय. सत्त्यायशी कर."

माणसांनाही ते बियांच्याच हिशेबात बसवत. आमच्याकडे उगवलेलं बी सरळ असतं किंवा वाकडं. न उगवलेलं मेलेलं असतं किंवा कडक. कडक बी म्हणजे मेलेलं नव्हे, फक्त त्याच्या सालीतून पाणी आत गेलेलं नसतं. साहेब मामांच्या मते वाकडे होते: "मूळ हाय, पर कोंब नाय." नव्यानं आलेला हिशेबनीस मेलेल्यात जमा होता. मी कडक.

"मी का कडक?" मी एकदा चिडून विचारलं.

"बघ की. पाणीच आत जाऊ देईनास."

खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी होती, लोखंडी, जाड दाराची. आत बी तीन दिवस उष्ण आणि दमट हवेत ठेवायचं. गोदामात दोन वर्षं पडून बियाची जी गत होईल ती तीन दिवसांत होते. त्यातून कुठला लॉट टिकेल, कुठला नाही, हे कळतं. साहेब त्या पेटीचं इंग्रजी नाव घेत. मामा तिला म्हातारपणाची पेटी म्हणत. तिच्यातून काढलेला गहू दिसायला अगदी तसाच टपोरा, सोनेरी असे. हातात घेतला तर काही कळत नसे. म्हणून मामांनी नियम केला होता: पेटीतून निघालेल्या पाकिटावर लाल पेन्सिलीची रेघ. "तोंड बघून जितं-मेलं कळत नाय, पोरी. रेघ मारून ठिवावी."

बारा महिन्यांत अकरा महिने मामा असे रुक्ष. भादवा सरत आला की मात्र त्यांच्यात काहीतरी हलायला लागे.

खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन फरशीवर यायचं. एका विशिष्ट फरशीच्या कडेला ते टेकलं की मामा हातातलं काम टाकून उठत आणि जाहीर करत, "आज दिवस-रात सारखे झाले." पितृपक्ष असो, नवरात्र लागलेलं असो, पंचांग काहीही म्हणो. त्यांच्या मते घट खरा त्याच दिवशी बसवायचा. "पंचांग मागं-म्होरं सरकतं, ऊन सरकत नाय. आता रात वाढनार. अंधारात जायच्या आधी माती एकदा इचारून घ्यायची, पोटात काय हाय तुझ्या म्हनून." मग ते ट्रेच्या झाकणात माती घालत, सात धान्यं पेरत आणि उबदार कपाटाच्या वर ठेवत. हा कंपनीचा घट. घरचा घट मात्र ते बाकी जगाबरोबर, पंचांगाप्रमाणेच बसवायचे, कारण सूनबाई ऐकत नसे.

माती त्यांना गावाहून लागे. खुलताबादच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव. शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर त्याच बाजूचा होता, तो दरवर्षी पिशवी आणून टेबलावर आपटायचा. "मामू, लो तुम्हारी माटी. चखके देखो, बराबर है क्या." तो थट्टेनं म्हणायचा आणि मामा खरोखर चिमूटभर जिभेवर ठेवायचे.

नऊ दिवस ते खोलीत अनवाणी. पायात बूट नाहीत म्हणून साहेबांनी एक वर्षी नोटीस दिली, ती त्यांनी घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातली. दाढी नाही. गादी नाही. आणि बियाला लोखंड लावायचं नाही, कारण त्यांच्या गावात नऊ दिवस देवी रानात बसते आणि तोवर कुणी नांगर-कुळव मातीला लावत नाही. म्हणून आमचे स्टीलचे चिमटे कुलपात जायचे आणि मामांनी तासून आणलेल्या बांबूच्या काड्यांनी आम्ही बिया उचलायचो. आम्ही कुरकुरायचो. पण खरं सांगते, त्या नऊ दिवसांत त्या खोलीत काम करायला मला आवडायचं.

गारखेड्यात आमच्या गल्लीतून तेव्हा सातव्या माळेला मामांना बोलावणी असत. बरीच घरं मूळची शेतकऱ्यांची, आता कुणी बँकेत, कुणी शाळेत. घट मात्र सगळ्यांकडे. कोणतं धान जोमानं उगवलं त्यावरून यंदा कोणतं पीक येणार ते सांगायची रीत, आणि ते सांगायला मामांइतका जाणता माणूस नव्हता. ते घटापुढे उकिडवे बसत, बोटानं कोंब बाजूला करत, म्हणत, "गव्हाला जोर हाय. हरबरा बेताचा. करडई नाय." एवढं बोलून उठत. लोकांना मात्र करडईशी काही घेणं नव्हतं. एका बाईंनी विचारलं, मुलाचं परदेशाचं जमेल का. मामा म्हणाले, "घट रानाचं सांगतो, मानसाचं नाय."

"तरी पण, काहीतरी चांगलं सांगा ना."

"करडई नाय," मामा म्हणाले.

अशा माणसाला किती दिवस बोलावणार? हळूहळू बोलावणी बंद झाली. त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. सातव्या माळेला ते उगाच आमच्या गल्लीतून चालत जाताना मला दोनदा दिसले. अनवाणी, मान खाली.

माझ्या आईनं त्यांना बोलावलं तो घट तिचा शेवटचा.

आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यायला लागे, आणि पाणी मोजून. दिवसाला दोन पेले, त्याच्यावर एक घोट नाही. तहानेनं तिचे ओठ सालपटून निघत. ती काही मागत नसे, फक्त नळ सुरू झाला की त्या बाजूला बघायची. त्या वर्षी तिनं ठरवलं होतं की घट स्वतः बसवायचा, स्वतः पाणी घालायचं. तिच्या माहेरची समजूत अशी की घट हिरवागार उगवला तर घरातलं माणूस पुढच्या घटाला असतं. ती मला म्हणाली, "तुज्या कंपनीतलं चांगलं बी आन. लई चांगलं." मी ट्रेमधून उरलेल्या गव्हाचं एक तपकिरी पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. नंबर बघितला नाही, लाल रेघ आहे का तेही नाही.

चौथ्या माळेपर्यंत घटात कोंब नव्हता. पाचव्या माळेला आईनं औषध घेतलं नाही. मशीनवर जायलाही नको म्हणाली. दादा रडकुंडीला आला, मोठी मावशी येऊन बसली. मी हात जोडले, सांगितलं की आई, उशीर होतो कधीकधी. आई म्हणाली, "तू गप. तुला काय कळतंय. घटानं सांगितलं मला." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी कंपनीत जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी गुंडाळी अर्धवट मोजलेली होती. ती तशीच ठेवून ते उठले. इतक्या वर्षांत मी असं एकदाच पाहिलं.

घरी आले, घटापुढे उकिडवे बसले. बोट मातीत दाबलं. बोटाभोवती पाणी वर आलं. त्यांनी एक दाणा उकरला, दोन नखांत दाबला, पांढरा पिचकट रस निघाला, तो हुंगला. मग देव्हाऱ्यापाशी ठेवलेल्या आईच्या स्टीलच्या पेल्याकडे बराच वेळ बघत राहिले. दादा आणि मावशी माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"पाकीट कुठून उचललंस?" त्यांनी मला विचारलं.

"खिडकीजवळच्या ट्रेमधून."

"नंबर बघितलास?"

"नाही."

"मंग झालं तर." ते आईकडे वळले. "अक्का, घटाचा कायबी दोष नाय. तुमच्या पोरीनं मेलेलं बी आनलंय. आमच्याकडं एक पेटी हाय, तिच्यात बी मरतं. त्यातलं पाकीट उचललं हिनं. मेलेलं बी देवानं जरी पेरलं तरी उगवत नाय."

आईनं मान वळवली. "भाऊ, खरं?"

"मी कदी खोटं बोललोय का, इचारा हिला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मामा खोटं बोलत नाहीत, आई."

मग आई हसली. सालपटलेल्या ओठांनी, खूप दिवसांनी. म्हणाली, "माजी पोरगी येडी. बघा की, मेलेलं बी आनलं!" मावशी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "देवीपुढं मेलेलं बी मांडलंस गं. आईच्या घटाला. तुला बघून आनता येईना?"

मामांनी परडीतली माती बदलली, खिशातून रुमालात बांधलेला गहू काढून पेरला. जाताना मला म्हणाले, "आता पानी तू घालायचं. अक्कांनी नाय. फुलपात्रभर, सकाळी एकदाच." मला ती शिक्षा वाटली. दसऱ्याला घट उठला तेव्हा बोटाएवढे पिवळट कोंब आले होते. आईनं ते दादाच्या टोपीत खोवले, थोडे स्वतःच्या केसांत. मशीनवर जायला लागली. मार्गशीर्षात गेली.

तेराव्याला मावशी येईल त्याला सांगत होती: हिनं घटाला मेलेलं बी घातलं होतं. लोक माझ्याकडे बघून नजर काढून घेत. मी शिकलेली, बियांच्या कंपनीत काम करणारी, आणि आईच्या शेवटच्या घटाला मी मेलेलं बी घातलं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच. आणि याचा राग मी काढला मामांवर. खरं बोलायचं होतं तर मला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. मावशीसमोर, दादासमोर, आईसमोर कशाला? त्यांचा तो खरेपणा मला तेव्हा फार कोरडा वाटला, माणुसकी नसलेला. मी माझं टेबल दुसऱ्या भिंतीला लावून घेतलं. कामापुरतं हो-नाही. एका वर्षी त्यांच्या नऊ दिवसांत त्यांनी माझ्या टेबलावर बांबूची तासलेली काडी ठेवली, मी कुलपातून चिमटा काढून घेतला. ते काडी उचलून घेऊन गेले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी रजा टाकली होती. कारण लिहिलं होतं, डोकेदुखी.

आईला जाऊन सहा वर्षं अशीच झाली. यंदा श्रावणात दादानं देव्हारा पॉलिशला द्यायचा म्हणून देव बाहेर काढले. देवीच्या टाकाखालच्या लाल कापडात एक तपकिरी पाकीट निघालं, चौघडी करून ठेवलेलं. आईनं ठेवलं असणार. त्यावर मामांच्या अक्षरातला नंबर होता. लाल रेघ नव्हती.

मी पाकीट उलटंसुलटं केलं. उजेडात धरलं. रेघ नव्हती.

दुसऱ्या दिवशी जुनी रजिस्टरं काढली. सगळं कॉम्प्युटरवर गेल्यामुळे ती रद्दीत जायची म्हणून बांधूनच ठेवली होती. नंबर सापडला. गहू, पेटीत न घातलेला, उगवण सत्त्याण्णव. खाली मामांची सही. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे आम्ही सहसा काहीच लिहीत नाही, तिथे वेगळ्या शाईनं: उरलेलं बी घटाला गेलं. बी चांगलं होतं.

मी तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले. बोटाभोवती वर आलेलं पाणी मला आठवलं, मामा ज्या पेल्याकडे बघत राहिले तो पेलाही आठवला. आईला स्वतःला पाणी प्यायची बंदी होती. म्हणून ती दिवसभर, आमची नजर चुकवून, घटाला पाजत होती. तिच्याच हातानं तिचा घट कुजला होता. हे तिला कळलं असतं तर ती पुन्हा मशीनवर गेली नसती. एका बीनंही आकडा कधी न फुगवणाऱ्या माणसानं त्या दिवशी माझ्या आईसमोर सरळ खोटं सांगितलं, आणि ते खोटं ठेवायला त्याला घरात एकच जागा दिसली. मी. मी जगणार होते, मी कडक होते, मला पेलवलं असतं असं त्याला वाटलं असावं. आणि त्या माणसाची मी काडीसुद्धा घेतली नव्हती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही.

नवरात्र लागल्यावर सहाव्या माळेला मी स्कूटर काढली आणि दौलताबादचा घाट चढून त्यांच्या गावी गेले; निवृत्तीनंतर ते तिथेच राहायला गेले होते. दुपारची वेळ होती. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालू होती. सूनबाईंनी दार उघडलं आणि मला ओळखण्याआधीच कुजबुजल्या, "बरं झालं आलात. सहावी माळ हाय, एक कोंब नाय घटात. कालपासून जेवले नायत. म्हन्तात, घटानं सांगितलं."

"घट माणसाचं सांगत नाही," मी म्हणाले.

"मी बी तेच म्हन्ले. त्यांचंच बोलनं. ऐकत नायत."

मामा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं. दोन्ही हात सारखे थरथरत होते, आणि त्या हातांत पितळेचा तांब्या होता. खाटेला लागून जमिनीवर घट. माती काळी, चकचकीत, उघडी.

त्यांनी मला पाहिलं. ओळखलं. इतक्या वर्षांचं काहीच विचारलं नाही.

"वाच," ते म्हणाले. "खरं सांग. तू मोजायला माज्याकडं शिकलीस."

मी उकिडवी बसले. बोट मातीत दाबलं. बोटाभोवती पाणी वर आलं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच खोली उभी राहिली. खाटेवरून तांब्या कलंडून पुन्हा दोन थेंब मातीत पडले आणि मामांनी दुसऱ्या हातानं तो हात धरून ठेवायचा प्रयत्न केला.

"सूनबाई," मी विचारलं, "बी कुठलं होतं?"

"घरचंच. डब्यातलं. डबा वर माळ्यावर असतो."

वर पाहिलं. पत्रे होते.

"मामा," मी म्हणाले, "बी मेलेलं होतं. अख्खा उन्हाळा डबा पत्र्याखाली. म्हातारपणाची पेटीच झाली ती. त्यात घटाचा काही दोष नाही. मेलेलं बी देवानं पेरलं तरी उगवत नाही."

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, माज्याच हातून झालं म्हनायचं. मीच ठिवला वर."

मामा माझ्याकडे बघत राहिले.

"रजिस्टर घावलं व्हय तुला?"

"घावलं."

"सहा वरसं लागली."

"मामा, मी तुमच्याशी फार वाईट वागले."

"कडक बी," ते म्हणाले. "पानी आत जायला येळ लागतो." मग त्यांनी तांब्या सूनबाईंच्या हातात दिला. "माती बदल. नवं बी पेर. फुलपात्रभर पानी, सकाळी एकदा. तू घालायचं, मी नाय." आणि उशीखालून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. जुनी, कडा झिजलेली. दर वर्षीचा घट त्यात होता, एकेका धान्याचा आकडा. यंदाची ओळ रिकामी होती.

मी पेन काढलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थरथरत होता, म्हणून माझाही हलायला लागला.

"तोंडानं बोललीस ते बोललीस," ते म्हणाले. "वहीत तसं लिव्हू नको."

मी लिहिलं. गहू शून्य, ज्वारी शून्य, हरभरा शून्य. पाणी जास्त झालं. त्यांनी चष्मा मागितला, ओठ हलवत वाचलं, मान हलवली. मग सूनबाईंकडे भाकरी मागितली.

दसऱ्याला सोनं द्यायला जायचं ठरवलं होतं, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशीच फोन आला. घट उठायचा राहिला होता. सूनबाई म्हणाल्या, कोंब बरे आलेत, बघायला मात्र ते राहिले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी ती वही माझ्या हातात दिली: तुमच्यासाठीच ठेवायला सांगितलं होतं म्हणाल्या.

घरी आल्यावर उघडली. माझ्या अक्षरातली ओळ तशीच होती. तिच्यापुढे, शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षरं इतकी हललेली की मला ती एकेक करून लावावी लागली.

बी चांगलं होतं.